बिनपाटीचा नाका

मुंबईकडून येणारी गाडी महाड मागे टाकून पोलादपूरला आली की रस्त्याला फाटा फुटतो. सरळ गेलात तर कशेडी, पलीकडे खेड-चिपळूण आणि खाली गोवा. डावीकडे वळलात तर आंबेनळीचा घाट, प्रतापगडाचा पायथा आणि वर महाबळेश्वर. नाक्यावरच्या टपरीवाल्याला हे कुणी सांगावं लागत नाही. पण समजा, एका रात्रीत तिथल्या सगळ्या पाट्या निघाल्या आणि पहाटे बदलीवर आलेल्या नव्या हवालदाराला हुकूम मिळाला, ‘घाटावरून उतरणारे ट्रक तपासायचे, मुंबईकडचे सोडायचे.’ हुकूम स्पष्ट आहे. पण घाटाचा रस्ता कुठला आणि मुंबईचा कुठला, हेच त्याला ठाऊक नाही. मग तो तपासणार काय?

खोक्यातून काढलेली नवी कोरी फायरवॉल अशीच असते. पावणेदोन इंच जाडीचा पत्र्याचा डबा, पुढच्या बाजूला सात-आठ पोर्ट, सगळे एकसारखे. इंटरनेटची केबल यातल्या कुठल्याही भोकात बसते. कारखान्यातल्या यंत्रांची केबलही बसते, हिशेबनिसाच्या संगणकाचीही. डब्याला यातलं काही कळत नाही. आत काय, बाहेर काय, भरवशाचं कोण आणि परकं कोण, हे माणसाने सांगेपर्यंत त्याच्या लेखी जगाला बाजूच नसते. हे सांगण्याचं काम म्हणजे इंटरफेसची मांडणी. फायरवॉलवर लिहिलेल्या लेखांत नियमांची चर्चा भरपूर असते, हल्लेखोरांच्या गोष्टी त्याहून जास्त. माझा इतक्या वर्षांचा अनुभव मात्र असा आहे की बहुतेक घोळ नियमांच्या आधीच झालेला असतो. वाटेला नाव देताना, पत्ता देताना आणि हद्द आखताना.

रायगडाच्या मुलखात फायरवॉल समजावून सांगायची म्हटलं की महादरवाजाची उपमा लगेच ओठांवर येते. मीही पूर्वी तीच देत असे. आता देत नाही. किल्ल्याला आत एकच असतं आणि बाहेर एकच. फायरवॉलला ‘आत’ अनेक असतात आणि त्या सगळ्यांवर सारखा विश्वास टाकायचा नसतो. म्हणून मला नाका जवळचा वाटतो. नाका कुठल्याच एका रस्त्याचा नसतो, तो सगळ्यांच्या मधला असतो.

लोक मला विचारतात, ‘तुमच्या फायरवॉलचा आयपी काय?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठल्या बाजूने विचारताय त्यावर उत्तर ठरतं. संगणकाला बहुधा एक पत्ता असतो. फायरवॉलला जितक्या वाटा तितके पत्ते. कार्यालयाच्या बाजूने ती १९२.१६८.१०.१ असेल, यंत्रांच्या बाजूने १९२.१६८.२०.१, कॅमेऱ्यांच्या बाजूने १९२.१६८.३०.१ आणि इंटरनेटच्या बाजूने सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेला आणखी वेगळाच. प्रत्येक वाटेवरच्या लोकांना तिचं एकच तोंड दिसतं. डबा एकच असतो, पण चारही वस्त्यांना तो आपलाच रहिवासी वाटतो.

हे १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते कुणाच्या मालकीचे नाहीत. फेब्रुवारी १९९६ मध्ये पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठी जगभर मोकळे ठेवले गेले. १० ने सुरू होणारा मोठा पट्टा, १७२.१६ ते १७२.३१ हा मधला आणि १९२.१६८ हा तिसरा. महाडच्या कारखान्यात १९२.१६८.१०.५ हा पत्ता आहे आणि त्याच क्षणी जगात तोच पत्ता असलेली असंख्य यंत्रं आहेत. गल्लोगल्ली ‘घर क्रमांक पाच’ असतं, तसंच. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. बाहेर पडताना फायरवॉल स्वतःचा बाहेरचा पत्ता पाकिटावर लिहिते आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला आत पोचवते. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. माणसं त्याहून जास्त, यंत्रं त्याहूनही जास्त, म्हणून ही सोय करावी लागली.

पत्त्याबरोबर दुसरी गोष्ट द्यावी लागते, ती म्हणजे मास्क. २५५.२५५.२५५.० हे आकडे पाहून नवखा माणूस बिचकतो आणि दुसरीकडून उतरवून घेतो. मास्क म्हणजे गावाची शीव. माझ्या गावाची हद्द कुठवर, एवढंच तो सांगतो. २५५ जिथे आहे तिथला आकडा जुळला पाहिजे, शून्य आहे तिथे काहीही चालतं. म्हणजे १९२.१६८.१० पर्यंत जुळणारे सगळे गावातले. एकूण २५६ पत्ते, त्यांतला पहिला गावाच्या नावाचा, शेवटचा दवंडीचा, उरले २५४. शिवेच्या आतल्या माणसाला थेट हाक मारायची. शिवेपलीकडच्याकडे जायचं तर नाक्यावरून, म्हणजे फायरवॉलच्या पत्त्यावरून. यालाच गेटवे म्हणतात.

ही शीव चुकली तर काय होतं, ते मी महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाहिलं. पावसाळ्याचे दिवस होते. वजनकाट्यावरच्या संगणकातून ट्रकची वजनं हिशेबाच्या खोलीत यायची, ती एका संगणकावर येईनात. शेजारच्या दोन संगणकांवर येत होती. बाहेर टँकरची रांग लागलेली, चालक खिडकीशी येऊन पावती मागत होते. सगळ्यांचा संशय फायरवॉलवर, कारण ती नुकतीच बसली होती. मी तिची नोंदवही उघडली. वजनकाटा होता १९२.१६८.२०.१५ वर. शेजारच्या दोन संगणकांनी तिकडे केलेल्या विचारणा वहीत ओळीने दिसत होत्या. तिसऱ्याची एकही नव्हती. नाकारलेलीसुद्धा नाही. म्हणजे हा माणूस नाक्यावर आलेलाच नव्हता.

त्या संगणकाचा मास्क पाहिला, तर २५५.२५५.०.०. कुणीतरी घाईत एक २५५ गाळला होता. त्यामुळे त्या संगणकाच्या लेखी १९२.१६८ ने सुरू होणारं सगळं जग आपल्याच गावात होतं. वजनकाट्याला गाठायला नाक्यावर कशाला जायचं? तो आपल्याच तारेवर हाक मारत बसला होता, ‘वीस पंधरा कोण आहे?’ आणि वीस पंधरा शिवेपलीकडे असल्याने हाक तिथवर पोचतच नव्हती. एक आकडा दुरुस्त केला आणि पावत्या निघू लागल्या. हीच चूक फायरवॉलच्या पोर्टावर झाली असती, तर चांगल्या डब्याने ती स्वीकारलीच नसती. दोन इंटरफेसच्या हद्दी एकमेकींवर चढल्या की तो तक्रार करतो. एक शेत दोघांच्या सातबाऱ्यावर लागलं की वाट कुणाकडे वळवायची हे त्याला ठरवता येत नाही.

पत्ता झाला, शीव झाली. तिसरी गोष्ट म्हणजे नाव आणि दर्जा. १९९४ साली पिक्स नावाचं एक फायरवॉल यंत्र अमेरिकेत बाजारात आलं आणि पुढच्याच वर्षी सिस्कोने ते बनवणारी कंपनी विकत घेतली. त्या घराण्यातल्या यंत्रांत प्रत्येक इंटरफेसला नाव द्यावं लागे आणि शून्य ते शंभर यांतला एक आकडा. ‘इनसाइड’ असं नाव दिलं की शंभर, ‘आउटसाइड’ला शून्य, दोघांच्या मध्ये कुठेतरी बाहेरच्यांना भेटण्याची ओसरी. वरच्या आकड्याकडून खालच्याकडे जाता येतं, खालून वर यायचं तर परवानगी लागते. नाव दिलेलं नाही, अशा इंटरफेसमधून काहीच जात नाही. पुढे आकड्यांऐवजी झोनची पद्धत रुळली. एका स्वभावाच्या वाटांचा एक झोन करायचा आणि झोनमधून झोनमध्ये काय जाईल ते लिहायचं. पण मुळातली अट तीच राहिली. आधी नाव ठेवा, मग नियम लावा.

आता आतल्या वाटा वेगळ्या का करायच्या, हा प्रश्न. छोटे उद्योजक मला हे हमखास विचारतात, आणि त्यांचं म्हणणं वाजवी असतं. ‘सगळी आपलीच माणसं आहेत. बाहेरून कुणी आलं नाही म्हणजे झालं.’ त्यांना मी आपल्याच रायगड जिल्ह्यातली गोष्ट सांगतो.

२७ जून २०१७. उरण तालुक्यातल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल अचानक ठप्प झालं. ते चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. त्या दिवशी समूहाच्या जगभरच्या कचेऱ्यांमधले पडदे काळे पडत होते. सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये. तिथे करभरणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम पसरवला गेला. ते सॉफ्टवेअर मर्स्कच्या ओडेसातल्या कचेरीत एका संगणकावर होतं. बाहेरची भिंत कुणी फोडली नाही. रोजच्या ओळखीच्या दूधवाल्याच्या किटलीतून विष आलं, आणि एकदा आत आल्यावर ते एका संगणकावरून दुसऱ्यावर, एका देशातून दुसऱ्यात पळत सुटलं, कारण आतल्या आत अडवणारं फारसं काही नव्हतं. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, तेही दहा दिवसांत. तोट्याचा अंदाज होता २० ते ३० कोटी डॉलर.

या गोष्टीतला एक तपशील महाडकरांना विशेष सांगण्यासारखा आहे. मर्स्कच्या साऱ्या जाळ्याची ओळखवही ज्या सर्व्हरांवर असते, ते जगभरचे सगळे पुसले गेले, एक सोडून. तो घानामध्ये होता. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्याशी जोडलेलाच नव्हता आणि म्हणून वाचला. तुटलेल्या तारेने कंपनी वाचवली. आपण आतल्या वाटांवर वेगळे इंटरफेस बसवतो आणि मधल्या दारांना कड्या घालतो, ते वीज न घालवता हाच परिणाम मिळावा म्हणून.

रासायनिक कारखान्यात तर हे टाळून चालणारच नाही. तिथे रिॲक्टरचं तापमान आणि झडपा सांभाळणारी नियंत्रण यंत्रणा असते. तिच्यातले संगणक अनेकदा जुने असतात, त्यांना अपडेट देता येत नाहीत, कारण उत्पादन थांबवावं लागतं. असा संगणक आणि शिपायाच्या मोबाइलचं वायफाय एकाच शिवेत नांदता कामा नये. यंत्रांची वाट वेगळी, हिशेबाची वेगळी, पाहुण्यांची वेगळी, कॅमेऱ्यांची वेगळी. कॅमेरे वेगळे ठेवा हे मी जरा जास्तच आग्रहाने सांगतो. स्वस्त कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि एकदा भिंतीवर चढला की वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

इतक्या वाटांना पोर्ट पुरत नाहीत, तेव्हा एकाच केबलवरून अनेक वाटा नेता येतात. प्रत्येक पाकिटावर क्रमांकाचा शिक्का मारायचा, १ ते ४०९४ मधला, आणि फायरवॉलवर त्या त्या क्रमांकाचा उपइंटरफेस करायचा. एसटी एकच, पण प्रत्येकाच्या हातात वेगळ्या गावचं तिकीट. स्विचवरचा क्रमांक आणि फायरवॉलवरचा क्रमांक जुळतो ना, एवढं दोनदा पाहावं.

बाहेरच्या इंटरफेसची तऱ्हा वेगळी. तिथला पत्ता आपण ठरवत नाही, सेवा देणारी कंपनी देते. कधी कायमचा, कधी आपोआप मिळणारा, कधी नाव-पासवर्ड टाकल्यावर. या शेवटच्या पद्धतीत प्रत्येक पाकिटातली आठ बाइट जागा त्या जोडणीच्याच कामी जाते, म्हणून पाकिटाचा कमाल आकार १५०० वरून १४९२ वर आणावा लागतो. तो आणला नाही, तर मोठं विचित्र दुखणं लागतं. काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, छोटा ईमेल जातो आणि जोडपत्र असलेला जात नाही. माणसं दिवसचे दिवस संगणकाला दोष देत बसतात.

आणखी एक पाहावं. मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर समजावं की आपल्या वरती आणखी एक नाका आहे. पत्ते पुरवून वापरता यावेत म्हणून २०१२ मध्ये हा पट्टा सेवा कंपन्यांसाठी राखला गेला. आतून बाहेर सगळं चालतं, पण घरी बसून कारखान्यात शिरायचं म्हटलं तर दार सापडत नाही. तेव्हा कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो. आणि भारतात आता मोबाइलपासून घरच्या फायबरपर्यंत नव्या पद्धतीचे, आयपीव्ही६चे पत्ते सर्रास मिळतात. इंटरफेसवर ते चालू झाले आणि नियम मात्र जुन्या पत्त्यांपुरतेच लिहिले, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार उघडं.

आता महाड-पोलादपूरच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण एका दशकाहून अधिक काळ चाललं आहे, आणि कडेने टाकलेली फायबर केबल जेसीबीच्या दातात सापडणं हा इकडच्या कचेऱ्यांचा ठरलेला अनुभव. ‘केबल तुटली’ म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. म्हणून माणसं दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतात, फायरवॉलवर दोन बाहेरचे इंटरफेस करतात. चांगली गोष्ट आहे. पण दोन्ही केबली एकाच चरातून जात असतील, तर दोन्ही एकाच दिवशी तुटतात. केबल कुठून येते हे कंपनीच्या माणसाला बरोबर घेऊन, चालत जाऊन पाहावं. दुसरी वाट हवेतून, सिमकार्डाची असली तर बरं.

त्यातही एक फसगत आहे. केबल नांगलवाडीपाशी तुटली तरी आपल्या भिंतीवरच्या मोडेमला वीज आहे, फायरवॉल ते मोडेम ही दोन हात केबल शाबूत आहे, म्हणून इंटरफेसचा हिरवा दिवा जळतच राहतो. फायरवॉलला वाटतं वाट चालू आहे आणि ती सगळी पाकिटं त्या आंधळ्या रस्त्याला लावत राहते. दिव्यावर विसंबू नये. त्या वाटेने लांबच्या एखाद्या पत्त्याला दर काही सेकंदांनी हाक मारायला फायरवॉलला सांगावं, आणि ठरावीक वेळा उत्तर आलं नाही की दुसरी वाट धरायला लावावं. ती हाक मोडेमला मारायची नाही, नाक्याच्या पार पलीकडे मारायची.

२२ जुलै २०२१ च्या पुराने यातलं बरंच काही शिकवलं. तेव्हा सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले, आंबेनळी घाट बंद झाला. वीज गेली, मोबाइल गेले. ज्या दुकानांत आणि कचेऱ्यांत रॅक तळमजल्यावर जमिनीलगत होतं, तिथली यंत्रं चिखलात सापडली. यंत्र नवं घेता येतं. पण कुठल्या पोर्टाला कुठली वाट होती, पत्ता काय, शीव काय, हे ज्यांनी बाहेर कुठे लिहून ठेवलं नव्हतं, त्यांना सगळं शून्यापासून आठवावं लागलं. तेव्हापासून इथे बसवलेले रॅक मी पुराच्या खुणेच्या वर घेतो आणि मांडणीची एक प्रत गावाबाहेर ठेवतो.

नावं धड ठेवण्याचं कारण कायद्यातही आलं आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने निर्देश काढले. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. त्या नोंदींत प्रत्येक ओळीवर इंटरफेसचं नाव असतं. ‘पोर्ट ५ वरून पोर्ट २ कडे’ असं सहा तासांत कुणी उलगडायचं? ‘कॅमेरे’वरून ‘हिशेब’कडे असं लिहिलेलं असेल, तर कारखान्याचा व्यवस्थापकही बोट ठेवून विचारतो, कॅमेऱ्याचं हिशेबाकडे काय काम?

शेवटचं सांगायचं ते माझ्या हातून झालेलं आहे. पोलादपूर तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेच्या कार्यालयातली फायरवॉल मी पुण्याहून सांभाळत होतो. सेवा देणाऱ्या कंपनीने बाहेरचा पत्ता आणि गेटवे दोन्ही बदलून दिले. मी लांबून त्याच बाहेरच्या इंटरफेसवाटे आत शिरलो होतो. आधी पत्ता बदलला. त्याच क्षणी माझी जोडणी तुटली, आणि नव्या गेटवेची ओळ लिहायची राहिली. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवली. जुलै महिना, वरंध घाट बंद. ताम्हिणीने माणगाव, तिथून महाड, मग पोलादपूर, असा दिवस मोडून संध्याकाळी पोचलो. संस्थेचे कारकून कार्यालय उघडं ठेवून थांबले होते. निळी चपटी कन्सोल केबल लावली, एक ओळ लिहिली. चार मिनिटांचं काम. दिवसभर मात्र दाखल्यांसाठी डोंगरावरच्या वाड्यांतून उतरलेली माणसं पावसात परत गेली होती, ते मला अजून खुपतं.

आता लांबून इंटरफेसला हात लावायचा असला की मी पहिली ओळ परतीची लिहितो. दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू हो आणि साठवलेल्या जुन्या मांडणीवर जा. मग बदल करतो. जोडणी टिकली, आतला संगणक बाहेर पोचला, हे पाहिलं की परतीची ओळ रद्द करतो आणि मगच नवी मांडणी साठवतो. काही यंत्रांत ही सोय तयारच असते. मुदतीत पक्कं केलं नाही तर बदल स्वतःहून मागे फिरतो.

त्या संध्याकाळी निघण्याआधी कारकुनांनी एक कोरा कागद पुढे केला. त्यावर प्रत्येक पोर्टाचं नाव, पत्ता, मास्क, नवा गेटवे आणि तारीख लिहिली, पासवर्ड तेवढा लिहिला नाही. पोलादपूरच्या दमट हवेत चिकटपट्टी टिकत नाही, म्हणून त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि रॅकच्या दाराला आतून तारेने बांधून टाकला.